कुस्तीवर गेम करा, कुस्तीचा गेम करू नका

मातीतल्या कुस्तीचा मोबाइल गेम बनवणाऱ्या पोरांनो,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्ही चौघं आमच्या तालमीत आला होतात. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा. कुस्तीच्या मातीच्या हौद्यापाशी पायताण काढायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही, तेवढ्यावरच वस्ताद खूश झाले होते. दोन तास पोरांच्या जोडीचं शूटिंग केलंत, चहा घेतलात आणि पंधरा दिवसांनी गेमचा नमुना फोनवर घेऊन परत आलात. तेव्हा मी गप्प बसलो. दहा-बारा पैलवान फोनभोवती डोकी खुपसून बसलेले, त्यांच्यादेखत तुमच्या मेहनतीला नावं ठेवणं बरं दिसलं नसतं. शिवाय नेमकं काय खटकतंय ते मलाच धड सांगता येत नव्हतं. आता येतंय, म्हणून लिहितोय. चारचौघांत लिहितोय, कारण कुणी कबड्डीवर, कुणी बैलगाडा शर्यतीवर असाच गेम करत बसला असेल तर त्यानंही वाचावं.

मी पैलवान होतो. गुडघा गेला तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पुढं सात वर्षं सांगलीत नेट कॅफे चालवला, त्यामुळे गेम म्हणजे काय हे ह्या म्हाताऱ्या तालीमवाल्याला काय कळणार, असं मनात आणू नका. (आणि मी म्हातारा नाही.) आठ मशीन होती, त्यातल्या सहांवर दिवसभर ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' चालायचा. त्या गेममध्ये खरी नावं वापरायचे हक्क घेतलेले ते फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचे. आपल्या टीममधल्या नावांची सगळी मोडतोड. पोरं मशीनवर बसली की आधी नावं दुरुस्त करायची, देवाला हात जोडून दुकान उघडावं तसं. मग पाच ओव्हरची मॅच लावायची आणि पहिल्या बॉलपासून उंच फटक्याचं बटण. सात वर्षांत कुणी ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडलेला मी एकदाही बघितला नाही. विजय हजारे ह्याच सांगलीत जन्मले. १९४८ साली अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमपुढं दोन्ही डावांत शतकं ठोकणारा माणूस. आमच्या कॅफेत त्यांना कुणी टीममध्ये घेतलं नसतं. बॉल सोडायला त्या गेममध्ये काही किंमतच नव्हती.

तरी मी त्या गेमला दोष देत नाही. खेळ फोनवर उतरवायचा म्हटलं की कापाकापी आलीच. फुटबॉलची नव्वद मिनिटं दहा-बारा मिनिटांत बसवतात, त्याशिवाय माणूस नोकरीला कधी जाणार? काय कापलं आणि काय ठेवलं, एवढंच बघायचं असतं. तुम्ही कुस्तीतली कुस्ती कापलीत.

नमुना मला आठवतो तसा सांगतो. दोन गडी समोरासमोर. दोघांच्या डोक्यावर हिरवी पट्टी. बटण दाबलं की धक्का, बुक्की, लाथ. पट्टी हिरवीची पिवळी होते, पिवळीची लाल. लाल झाली की पडद्यावर मोठी अक्षरं चमकतात आणि एक पैलवान दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटतो. त्या आपटण्याला नाव 'पॉवर स्लॅम'. मागं हलगी. हलगी मात्र झकास होती, कुणी वाजवली ते कळवा. वस्तादांनी सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "हे झालं भांडण. कुस्ती कवा लागायची?" तुम्ही हसलात. त्यांनी चेष्टा केली नव्हती, ते खरंच वाट बघत होते.

ती पट्टी मारामारीच्या गेममधून आली आहे. तिथं हिशोब सरळ असतो, मार बसला की ताकद घटली. कुस्तीला हा हिशोब लागू होत नाही. वीस मिनिटं समोरच्याला नाचवणारा पैलवान एकविसाव्या मिनिटाला एक पाय चुकीचा टाकतो, पाठ मातीला लागते, आणि आधीची वीस मिनिटं पाण्यात. मैदानाच्या जुन्या रीतीत गुण नव्हतेच. चितपट झाली तर निकाली, नाहीतर पंच हात धरून बरोबरीत सोडवणार. आता गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मधे तीस सेकंद, गुण मोजले जातात, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथंच थांबते. पण गादीवरही नऊ गुणांनी मागं असलेल्यानं समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवले की फळ्यावरचे आकडे पुसून टाका. ही धास्ती शेवटपर्यंत असते. तुमच्या गेममध्ये ज्याची पट्टी हिरवी तो बिनघोर. आखाड्यात बिनघोर उभा राहिलेला गडी मी एकच बघितला, तो मीच होतो, आणि माझा गुडघा गेला ते वर सांगितलंच आहे.

मग पट्टीच्या जागी काय घालायचं? तुम्ही केलेल्या शूटिंगमध्येच ते आहे, तुम्ही कापून टाकलंत. सलामी झाल्यापासून पहिला डाव लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली होती, आठवतंय? तुमच्यातला एक जण कंटाळून म्हणाला होता, "सर, ह्यांना सुरू करायला सांगा ना." पोरा, सुरू झालेलं होतं. त्याला खडाखडी म्हणतात.

ते फुटेज पुन्हा लावा आणि चेहऱ्यांकडे बघू नका. डाव्या बाजूच्या पोराचा हात समोरच्याच्या मानेवर आहे. तो मान दाबतोय असं वाटतं, पण तो वजन चाचपतोय. मान खाली ओढली की समोरचा कुठल्या पायावर भार देतो, हे त्याला बघायचंय. उजवीकडचा त्याचं मनगट धरतो, सोडतो, परत धरतो. कपाळाला कपाळ टेकलंय. असं चार-पाच वेळा होतं. मग एकदा मान ओढल्यावर उजवीकडच्याची टाच बोटभर उचलली जाते. बोटभरच. त्याच घटकेला डावीकडचा खाली घुसतो आणि एकेरी पट काढतो, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढतो. तुम्ही फक्त पट घेतलात. टाच घेतली नाहीत. टाच कळली नाही तर पट म्हणजे नुसतं पायाला लोंबकळणं.

आता फोनच्या काचेवर हे कसं आणायचं ते तुमचं काम. मला एवढं दिसतं की दोन अंगठे म्हणजे दोन पाय होऊ शकतात. भार कुठं आहे तो काचेवर दाखवता येईल, थोडासा, फसवा. ओढलं की तो हलेल. हलल्यावर अर्ध्या सेकंदाची फट. त्या फटीत डाव लावला तर लागला, उशीर झाला तर समोरच्याकडे तोड, म्हणजे उलटा डाव, आहेच. ढाकेच्या डावाला तोड आहे, घिस्स्याला आहे, कलाजंगाला आहे, आणि तोडीलाही तोड आहे. बटणं कमी ठेवा. कुस्तीत हात दोनच असतात.

दुसरी गोष्ट घाम. आमच्या हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून माती मुरवतात. २०१९ च्या पुरानंतर हौद्यात नुसता गाळ बसला होता, तो उपसून नवी माती भरायला आणि मुरवायला आम्हाला उन्हाळा उजाडला. ती माती पडल्यावर लागू नये म्हणून असतेच, पण त्याहून ती पकडीसाठी असते. दहा मिनिटांत अंग निसरडं होतं, मनगट हातातून सटकतं. मग पैलवान वाकून मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या पाठीवर, दंडावर टाकतो. पकड परत येते. पण वाकण्याच्या त्या क्षणी त्याचा एक हात मोकळा नसतो आणि नजर खाली असते. घाम वाढणार, पकड घटणार, माती घ्यायची तर धोका पत्करायचा. हे मी रचून सांगत नाही, तालमीत रोज घडतं. गेमवाल्याला याहून तयार माल कुठं मिळणार?

जुन्या लोकांना हे कळत होतं. कोनामीचा १९८३ चा 'ट्रॅक अँड फील्ड' नेटवर शोधून खेळून बघा. पळायला दोन बटणं, उडी किंवा फेक करायला एक. दोन बटणं आळीपाळीनं जितकी भराभर बडवाल तितका गडी जोरात पळणार. बस्स. चित्रं आज बघितली तर हसू येईल. पण शंभर मीटर पळून झाल्यावर मनगट भरून यायचं. पायांचा त्रास त्यांनी बोटांत आणला होता. लोक पुढं पट्ट्या आणि पेन्सिली लावून बटणं बडवायला लागले, म्हणजे त्या खेळात उत्तेजकं घेण्याचीसुद्धा सोय झाली!

आणि जॉन मॅडन. अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित कोच. ईएचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स त्यांच्याकडे गेम घेऊन गेले तेव्हाच्या कॉम्प्युटरला बावीस माणसं पेलत नव्हती, म्हणून प्रत्येक बाजूला सहा-सातच गडी ठेवू असा विचार होता. मॅडन म्हणाले, अकराच्या अकरा नसतील तर ते फुटबॉलच नाही, गेमला माझं नाव मिळणार नाही. काम कित्येक वर्षं रखडलं, गेम १९८८ साली निघाला, पण अकरा-अकरानं निघाला. आमच्या वस्तादांनी "कुस्ती कवा लागायची" विचारलं ते ह्याच जातीचं आहे. फरक इतकाच की मॅडनना करार होता आणि वस्तादांना तुम्ही चहासुद्धा पाजला नाहीत, उलट त्यांचाच प्यायलात.

काही खेळांचं नशीब चांगलं असतं. मोटार शर्यतीत खऱ्या गाडीला स्टिअरिंग आणि गेमलाही स्टिअरिंग. म्हणून 'ग्रान तुरिस्मो' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळून निवडला गेलेला यान मार्डनबरो पुढं २०१३ साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या खऱ्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. सायकलीचं तेच, पेडल दोन्हीकडे खरं. बुद्धिबळाला तर काही हरवायचंच नाही. धनुर्विद्येकडे बघा मात्र. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं सिंगापूरला ऑलिंपिक ईस्पोर्ट्स वीक भरवला. त्यात धनुर्विद्येसाठी निवडला होता 'टिक टॅक बो' नावाचा मोबाइल गेम, फुली-गोळ्याच्या चौकटीत बाण मारायचा. बोटानं ओढा, सोडा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी जागतिक विजेती झाली, सतराव्या वर्षी. अंतिम फेरीत पंधरा बाण, दीडशेपैकी १४९. म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ. पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटरचं वर्तुळ, एका बाणाला वीस सेकंद, समोर मेक्सिकोची आंद्रेआ बेसेरा १४७ वर. ते वीस सेकंद त्या मुलीच्या खांद्यात आणि श्वासात काय चालत असेल ते फुली-गोळ्यात कुठं गेलं? कुस्ती ह्या बाबतीत धनुर्विद्येच्याच पंगतीत बसते. काचेवर अंग येत नाही. जे येतं ते म्हणजे थांबणं, चाचपणं आणि नेमक्या वेळी घुसणं. तेवढं तरी आणा.

आता खाशाबांचं. ह्या गोष्टीवर मी तुमच्यावर खरंच चिडलो होतो.

तुमच्या गेममध्ये खाशाबा जाधवांना कुलूप लावलंय. पैसे भरले की उघडणार. आणि उघडल्यावर दिसतो तो सहा-साडेसहा फुटी राक्षस, दंड मांडीएवढे. अरे बाबांनो, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा तो माणूस १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात लढला. बॅंटमवेट. चण लहान, चपळाई अफाट, हीच तर त्यांची कुस्ती. तुम्ही तीच काढून घेतलीत आणि वर त्यांचं नाव चिकटवलंत. चार वर्षं आधी लंडनला ते गादीवरच्या कुस्तीला नवखे असून सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं. त्या माणसाला तुम्ही पैसे भरल्याशिवाय मैदानात येऊ देत नाही! तुमच्या लक्षात आलं नसणार, मला ठाऊक आहे, पण आमच्या तालमीत भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि त्याच फोटोखाली बसून तुम्ही ते कुलूप दाखवलंत.

खाशाबांवर एक टप्पा करायचाच असेल तर असा करा. जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली लढत, ज्यानं पुढं सुवर्ण घेतलं तो इशी. ती संपल्यावर विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं आणि नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, असं आमच्याकडे घराघरांत सांगतात. तर गेममध्ये पहिल्या कुस्तीचा घाम आणि दम तसाच दुसरीत न्या. पडद्यावर 'दाद मागा' असं बटण ठेवा. पोरगं ते दाबेल. काही होणार नाही. परत दाबेल. तरी काही होणार नाही. आणि कुस्ती सुरू होईल. शेवटी कांस्यपदक, आणि कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची रांग. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. ह्या टप्प्याला कुलूप नको.

पैशांवरून आठवलं. तुम्ही ज्याचं ढाकेचं शूटिंग केलंत ते पोरगं डाव लावायच्या आधी उजवा तळहात मांडीला पुसतं. लहानपणापासूनची खोड आहे. नमुन्यातला तुमचा पैलवान डाव लावायच्या आधी तळहात मांडीला पुसतो. पोरगं ओरडलं, "ह्यो मीच की!" आणि तालीमभर नाचलं. त्याचा आनंद खरा होता, म्हणूनच मी मधे बोललो नाही. पण अमेरिकेत एड ओबॅनन नावाचा बास्केटबॉल खेळाडू होता. आपल्या कॉलेजच्या जुन्या टीममधला एक खेळाडू त्याला गेममध्ये दिसला. नाव नाही, पण नंबर तोच ३१, डावखुराही तोच, टक्कलही तेच. आपल्याला न विचारता, दमडी न देता आपण विकलो जातोय हे बघून तो २००९ साली कोर्टात गेला. त्या भानगडींत ईएनं २०१३ नंतर कॉलेज फुटबॉलचा गेमच बंद केला. तो परत आला २०२४ साली, तेव्हा गेममध्ये यायला तयार झालेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली होती. दुसरीकडे मॅंचेस्टर युनायटेडचे हक्क नसताना 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'वाले 'मॅन रेड' असं नाव लावून वेळ मारून नेत होते. आमच्या कॅफेतली पोरं त्यालाच मॅंचेस्टर समजायची.

तुमच्याकडे डॉलर नाहीत हे मला दिसतंय. पण त्या पोराला दिवसाला दूध, बदाम, तूप, अंडी लागतात आणि त्याचा बाप दुसऱ्याच्या रानात ऊस तोडतो. गेममधून चार पैसे आले तर त्याच्या खुराकाचं बघा. एका कागदावर लिहून द्या, वस्तादांची सही साक्षीदार म्हणून घ्या. आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव ढाकेसमोर टाका. गेमवर पैसे लावायची भानगड तुम्ही ठेवली नाहीत ते बरं केलंत. २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन गेम बंदच केलेत, आणि जत्रेत पत्त्यांवर घरं बुडालेली आमच्या गावानं पुरेशी बघितली आहेत.

एकही मुलगी नव्हती नमुन्यात. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये ह्याच सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं घेतली. तुम्ही तेव्हा इथंच शिकत होतात. आमच्याकडे सकाळी सहा मुली येतात, त्यांचं शूटिंग घ्यायचं राहिलं की सुचलं नाही?

मैदान कसं दाखवायचं त्यावर एकच. तुम्ही लेझर लाइट, धूर, इंग्लिश निवेदन घातलंय. आमच्या भागातलं एखादं यात्रेतलं मैदान बघा. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, आठ-दहा वर्षांची पोरं, लंगोट मोठा आणि पोरगं लहान. मग शंभराची, पाचशेची, हजाराची, असं करत दिवस मावळताना मोठी जोड. गेममध्येही नवख्याला पहिली कुस्ती रेवड्यांवर द्या. जिंकला तर मूठभर रेवड्या, हरला तर अर्धी मूठ, कारण हरलेल्या पोरालाही पंच हातावर काहीतरी टेकवतातच. आणि निवेदक असा ठेवा जो दोन्ही पैलवानांच्या गावांची, तालमींची, वस्तादांची नावं घेतल्याशिवाय कुस्ती लावत नाही, मग भले कुणी 'पुढे जा' दाबू दे. बरोबरीचा निकालही ठेवा. सुटलेल्या कुस्तीनंतर दोघं एकमेकांच्या हाताला हात लावून माती अंगावर घेऊन निघून जातात, आणि पुढच्या वर्षी तीच जोड बघायला दुप्पट माणूस येतं. तुमच्या धंद्यालाही ते वाईट नाही.

वस्तादांना हे पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "त्यास्नी लिहिण्यापरास बोलवून घे की." तर या. पहाटे पाचला, कॅमेरा न घेता, चौघंही. लंगोट मी देतो. हौदा उकरायचाय, पहिला अर्धा तास फावडं तुमच्याकडे. नंतर तुमच्यातला जो "सुरू करायला सांगा" म्हणाला होता, त्याला आमच्या सर्वांत बारक्या पोराबरोबर खडाखडीला उभं करू. त्याचा हात मानेवर पडला की आपली टाच कधी उचलली गेली, एवढंच त्यानं सांगायचं.

आपला,
तालमीतला दादा (माजी नेट कॅफेवाला), सांगली